राजवाडा वगळून बँकॉक

पट्टायातल्या हॉटेलांपुढे सकाळी बसगाड्या लागतात. बॅगा डिकीत जातात, टूर मॅनेजर माणसं मोजून घेतो, कुणाचा तरी पासपोर्ट खोलीतल्या तिजोरीत राहिलेला असतो, तो आणला जातो आणि बस निघते. बँकॉक इथून साधारण दीडशे किलोमीटर. मुंबई-पुण्याहून थायलंडला जाणाऱ्या चार-पाच दिवसांच्या सहलींचा साचा आता पक्का झाला आहे : आधी पट्टाया, मग बँकॉक. बँकॉकदर्शन बसवलेलं असतं ते याच प्रवासाच्या दिवशी. वाटेत वाहतूक मोकळी मिळाली तर दुपारच्या सुमारास बस शहरात शिरते. मग भारतीय जेवण, एक-दोन मंदिरं, रत्नांचं एक भलंमोठं दालन आणि शेवटी हॉटेल. कार्यक्रमपत्रिकेत याचं नाव ‘सिटी टूर’.

अशा अनेक सिटी टूरमध्ये ग्रँड पॅलेस नसतो. कारणं उघड आहेत. राजवाड्याची तिकीटखिडकी दुपारी साडेतीनला बंद होते. परदेशी माणसाला तिकीट 500 बाथ, म्हणजे चाळीस जणांच्या गटाला 20 हजार बाथ. खांदे आणि गुडघे झाकलेले नसतील तर आत सोडत नाहीत, आणि सहलीच्या दिवशी निम्मी मंडळी हाफ पँटमध्ये असतात. शिवाय उन्हात दोन तास चालायचं. भाव कमी ठेवून सहल विकणाऱ्याच्या हिशेबात हे सगळं जड जातं. त्यामुळे बस राजवाड्याच्या पांढऱ्या तटाशेजारून जाते आणि सोनेरी कळसांचे फोटो काचेतूनच काढले जातात.

हे नुकसान मराठी प्रवाशाचं सगळ्यात जास्त आहे. कारण त्या तटाच्या आत रामायण आहे.

1767 साली ब्रह्मी सैन्याने अयुध्या ही सयामची राजधानी बेचिराख केली. पंधरा वर्षांनी, 1782 मध्ये, चक्री घराण्याचा पहिला राजा गादीवर आला आणि त्याने चाओ फ्राया नदीच्या पूर्वतीरावर नवी राजधानी वसवली. 6 मे 1782 ला राजवाड्याचं काम सुरू झालं. जुन्या राजधानीबरोबर ग्रंथही जळाले होते. म्हणून या राजाने दरबारातले कवी हाताशी घेऊन ‘रामकिएन’ हे थाई रामायण नव्याने रचून घेतलं. 1797 मधली ही गोष्ट. राजवाड्याच्या आवारातल्या वाट फ्रा केओ या मंदिराभोवती जी लांबलचक ओवरी आहे, तिच्या भिंतींवर हीच कथा 178 चित्रचौकटींत रंगवली आहे.

पहिल्या चौकटीत जनक राजा जमीन नांगरतो आहे आणि सीता सापडते आहे. इथपर्यंत आपण घरच्याच अंगणात असतो. मग कथा वळणं घेते. रामकिएनमधली सीता मुळात रावणाचीच मुलगी. ती लंकेचा नाश करील असं भाकीत झाल्यामुळे घटात घालून पाण्यात सोडलेली. रावणाचं नाव इथे थोत्सकान, म्हणजे दशकंठ, आणि त्याचा रंग हिरवा. हनुमान पांढराशुभ्र आहे आणि ब्रह्मचारी मुळीच नाही. सेतू बांधताना दगड चोरून नेणारी सुवर्णमच्छा ही मत्स्यकन्या त्याला भेटते, ती रावणाचीच लेक, आणि दोघांना मच्छानू नावाचा मुलगा होतो.

एका चौकटीपाशी मात्र थांबायलाच हवं. हनुमान डोंगराएवढा झाला आहे आणि रामाचा अख्खा मंडप त्याने तोंडात धरला आहे. मैयराब नावाचा पाताळातला राक्षस रामाला पळवून नेणार अशी खबर लागली आहे, म्हणून हा पहारा. मंडपाचे खांब सोन्याच्या वर्खाने रेखलेले, आत निजलेला राम अगदी लहानगा, आणि त्याच्याभोवती वानराचा जबडा. तरीही मैयराब रामाला नेतोच. हनुमान पाताळात उतरतो तेव्हा दारावर त्याची वाट अडवतो त्याचाच मुलगा मच्छानू. अहिरावण-महिरावण आणि मकरध्वजाची गोष्ट आजीकडून ऐकलेल्या कुणालाही या भिंतीपुढे दुसऱ्या गाइडची गरज नाही. परदेशातलं इतकं जवळचं चित्र मराठी माणसाला क्वचितच भेटेल, आणि आपल्या कितीतरी सहली त्याच्यापासून एका तटाच्या अंतरावरून परत फिरतात.

मंदिरातली हिरव्या पाषाणाची बुद्धमूर्ती जेमतेम 66 सेंटिमीटर उंच आहे. उन्हाळा, पावसाळा आणि थंडी, अशा ऋतूंप्रमाणे तिची वस्त्रं बदलली जातात आणि तो मान राजाचा असतो.

सिटी टूरमध्ये जे दाखवतात तेही मोलाचं आहे, हे सांगायलाच हवं. वाट ट्रायमितमधली सोन्याची बुद्धमूर्ती साडेपाच टन वजनाची. शतकानुशतकं ती चुन्याच्या लेपाखाली झाकलेली होती आणि ती सोन्याची आहे हे कुणालाही ठाऊक नव्हतं. 1955 मध्ये नव्या जागी हलवताना मूर्ती पडली, लेप फुटला आणि आतलं सोनं दिसलं. वाट फोमधला पहुडलेला बुद्ध 46 मीटर लांब आहे. बहुतेक जण चेहऱ्यापाशी फोटो काढून पुढे सरकतात. खरं काम तळपायांवर आहे. काळ्या पृष्ठभागावर शिंपल्याच्या चकाकत्या तुकड्यांनी 108 शुभचिन्हं जडवली आहेत. मूर्तीच्या पाठीमागे 108 भांड्यांची रांग, भाविक एकेका भांड्यात एकेक नाणं टाकत जातात आणि दालनभर तो किणकिणाट चालू असतो. याच मंदिराच्या शिलालेखांत वैद्यक आणि मर्दनाची विद्या कोरून ठेवलेली आहे. युनेस्कोने 2011 मध्ये त्यांची जागतिक स्मृतिवारशात नोंद केली.

हे सगळं समजावून सांगायचा अधिकार मात्र मुंबईहून आलेल्या टूर मॅनेजरला नाही. थायलंडमध्ये गाइडचं काम कायद्याने थाई नागरिकांसाठी राखीव आहे, आणि त्याला परवाना लागतो. म्हणून बसमध्ये दोन माणसं असतात : माईक हातात घेतलेला स्थानिक गाइड, आणि जेवणापासून औषधांपर्यंत सगळं पाहणारा आपला टूर मॅनेजर. चांगल्या गटात दोघांचं सूत जुळतं आणि मग प्रवाशांचं भाग्य उजळतं.

मग येतं रत्नांचं दालन. बँकॉक ही रंगीत रत्नांची जुनी आणि मोठी बाजारपेठ आहे, चांथाबुरीची माणकं आणि नीलम प्रसिद्ध आहेत, त्यामुळे या थांब्याला आधार नाही असं नाही. पण मंदिरापेक्षा इथे जास्त वेळ का जातो, याचं उत्तर व्यवहारात आहे. सहल तोट्याच्या भावात विकायची आणि खरेदीच्या दलालीतून वसूल करायची, या पद्धतीला थायलंडमध्ये ‘झिरो डॉलर टूर’ म्हणतात. चिनी प्रवाशांच्या बाबतीत ती इतकी बोकाळली, की चीनने 1 ऑक्टोबर 2013 पासून सक्तीच्या खरेदीला कायद्याने बंदी घातली आणि थाई सरकारने 2016 मध्ये अशा कंपन्यांविरुद्ध मोठी मोहीम उघडली. भारतीय सहलींचं चित्र तितकं वाईट नसेल, पण गणित त्याच जातीचं आहे.

आणि भारतीय आता थोडेथोडके नाहीत. 10 नोव्हेंबर 2023 पासून भारतीयांना थायलंडला व्हिसा लागेनासा झाला. 2024 मध्ये वीस लाखांहून अधिक भारतीय तिथे गेले. इतक्या संख्येच्या गिऱ्हाइकाने मागितलं तर कार्यक्रम बदलतो.

तेव्हा पुढच्या वेळी सहलीचे पैसे भरण्याआधी कार्यक्रमपत्रिका हातात घेऊन विचारावं : ग्रँड पॅलेस तिकिटासह आहे का, बस तिथे सकाळी पोहोचणार की दुपारी, आणि रत्नांच्या दुकानात किती वेळ मोडणार? राजवाडा नसेल, तर हजार-दीड हजार रुपये जास्त घ्या पण तो घाला, असं स्पष्ट सांगावं. तेही जमत नसेल तर बँकॉकमधली एक सकाळ मोकळी मागून घ्यावी, अंगभर कपडे घालून साडेआठला राजवाड्याच्या दारात हजर राहावं, आणि ‘आज राजवाडा बंद आहे, चला दुसरं काही दाखवतो’ म्हणणाऱ्या बाहेरच्या माणसाकडे लक्ष न देता सरळ आत जावं.