शून्याचे आठ

रोह्याच्या आमच्या घरी फळीवर एक पत्र्याची डबी आहे. तीत चार अर्धे चिंचोके. चिंचोका मधोमध फोडायचा आणि फाक सहाणेवर जरा घासायची, की एक बाजू पांढरी, दुसरी तपकिरी. ओटीवर खडूने पाच बाय पाच घरांचा पट आखला की चल्लस-आठ सुरू. कुठे याला अष्टा-चंगा म्हणतात, कुठे चिंचोक्यांऐवजी कवड्या असतात.

जितक्या पांढऱ्या बाजू वर, तितकं दान: १, २, ३, ४. पण चारही तपकिरी पडल्या तर दान शून्य नाही, ८. शिवाय ४ किंवा ८ पडलं की पुन्हा हात मिळतो.

घरची पोरं शिकायला, नोकरीला बाहेर गेली आणि खेळ संगणकावर न्यायची वेळ आली. दूरदूरच्या मित्रांना एका पटाभोवती बसवणारी साधनं आता भरपूर आहेत. २०१२ साली आलेलं रोल-ट्वेंटी हे कॉलेजात एका खोलीत राहिलेल्या तीन मित्रांनी पुढेही एकत्र खेळता यावं म्हणून केलं. २०२० साली फाउंड्री आलं. दोन्हींत फासे किती आणि बाजू किती हे लिहिलं की बेरीज समोर येते. दोन बाजूंचे चार फासे टाकणं त्यांना मुळीच जड नाही. फेट नावाच्या खेळातले चार फासे तर आपल्या चिंचोक्यांचे चुलतभाऊच: प्रत्येकावर अधिक, उणे किंवा कोरी बाजू. दोन्ही साधनांत ते तयार मिळतात.

अडतं ते दानाच्या नियमापाशी. बेरजेला शून्याचे आठ करता येत नाहीत. तिथे वेगळा तक्ता जोडावा लागतो. ‘पुन्हा हात’ तर आणखी नाजूक. मोठा आकडा पडला की तोच फासा परत टाकायची सोय या साधनांत आहे, पण ती एकेका फाशापुरती. आपल्याकडे एकटा चिंचोका कधीच परत पडत नाही, चारही मिळून पडतात. हा फरक नीट सांगितला नाही, तर येणारा आकडा चल्लस-आठचा उरत नाही.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो चिंचोक्याचा स्वभाव. दोन्ही बाजू सारख्याच पडतात असं धरलं तर १६ दानांत सरासरी एकदा ८ यावं, आणि ४ सुद्धा तितक्याच वेळा. पण घासताना फाक एका अंगाला झुकली आणि १०० पैकी ६० वेळा पांढरी पडू लागली, तर ४ चं दान १०० त सुमारे १३ वेळा येतं आणि ८ जेमतेम अडीच वेळा. आठ मागणाऱ्याची सगळी धाकधूक या तफावतीत आहे. संगणकाचा बिनचूक नाणेफेकीचा फासा तिला सपाट करतो. त्यावर रोल-ट्वेंटीत उपाय आहे: तक्त्यातल्या प्रत्येक निकालाला वजन देता येतं. पांढरीला ३, तपकिरीला २ लिहा, झाला तुमचा चिंचोका.

मात्र ते वजन अंदाजाने लिहू नये. डबीतल्या चौघांवर शाईने खुणा कराव्या, एकेकाला ओटीवर शंभर-शंभर वेळा टाकावं, वहीत रेघा ओढत जावं. चौघे एकसारखे निघण्याची आशा ठेवू नये. प्रत्येकाचा तक्ता वेगळा लिहावा, कारण घासणारा हात प्रत्येक फाकेवर सारखा थोडाच चाललेला असतो!