पुढचा डाव आजीचा!

नवतपा म्हणजे काय, हे नागपूरकराला सांगावं लागत नाही. दुपारी बारानंतर बाहेर पडायचं नाही, टाकीतलं पाणी हाताला चटका देतं आणि अख्खं घर एकाच खोलीत, एकाच कूलरसमोर. आमच्या त्या खोलीत पाच माणसं, चार स्मार्टफोन आणि आजीचा एक बटणांचा फोन. सगळे एकत्र, पण ज्याचं त्याचं डोकं ज्याच्या त्याच्या स्क्रीनमध्ये.

यंदा त्यात एक भर होती. ताईला पुण्यात नोकरी लागली. जूनच्या मध्यात तिला निघायचं होतं. म्हणजे पाचही जण एका कूलरसमोर असण्याचा हा बहुधा शेवटचा उन्हाळा. हे सगळ्यांना माहीत होतं आणि बोलत कोणीच नव्हतं.

अशाच एका दुपारी आई म्हणाली, "काय खेळून राहिला रे तू दिवसभर? मला पण दाखव ना."

मी बीजीएमआयच्या मॅचमध्ये होतो. मान वर न करता म्हणालो, "आई, तुला नाही जमणार ते."

आई काही बोलली नाही. उठून आत गेली. ताईने मात्र उशी फेकून मारली. "का बे, तुला कॅरम कोणी शिकवला होता? आईनंच ना? तेव्हा म्हणाली होती का ती, तुला नाही जमणार म्हणून?"

मॅच हरलो. तेवढ्यात लाजही वाटली. मग ठरवलं, पुढचे पंधरा दिवस घरातल्या सगळ्यांना खेळता येतील असेच गेम शोधायचे. साहित्य काय? मोबाइल, माझा लॅपटॉप, तो टीव्हीला जोडायची एचडीएमआय वायर आणि दोन गेमपॅड. त्यातला एक मित्राकडून मागून आणलेला.

आता 'फॅमिली गेम' म्हणजे नेमकं काय? स्टोअरवर गेमखाली '३+' लिहिलेलं असतं, पण त्याचा अर्थ एवढाच की लहान मुलांना बघू देऊ नये असं त्यात काही नाही. तो घरात जमेल की नाही, हे त्यावरून कळत नाही. म्हणून आम्ही आमच्या तीन परीक्षा ठरवल्या. एक, पाच मिनिटांत आजीला खेळ कळला का? दोन, हरणारा हसला का? तीन, "जेवायला चला" अशी हाक आली की थांबवता येतो का? बीजीएमआय तिसऱ्यातच नापास. चालू मॅच थांबवता येत नाही आणि आईची हाकही थांबत नाही.

तर आमच्या घरचे निकाल असे.

लुडो किंग (मोबाइल)

सुरुवात सोप्यापासून. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीने २०१६ मध्ये काढलेला हा गेम २०२० च्या लॉकडाउनमध्ये घराघरांत पोचला. एकाच फोनवर चौघांना आळीपाळीने खेळता येतं, तेही इंटरनेटशिवाय.

आजीने फोन हातात घेतला, पट पाहिला आणि म्हणाली, "हे तं आमचं चौसरच हाय." आजीचं बरोबर होतं. आपल्याकडच्या पचिशीचं सोपं रूप इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'लुडो' नावाने बाजारात आणलं. तेच फिरून आजीच्या हातात आलं, फक्त कवड्यांच्या जागी फासा. पहिल्याच डावात तिने बाबांची घराच्या दारातली सोंगटी मारली. बाबा दहा मिनिटं रुसले.

उणी बाजू: डोकं फार लागत नाही. चार डावांनंतर ताई कंटाळली.
घरचा निकाल: तिन्ही परीक्षा पास. पाचपैकी चार.

लिचेस (मोबाइल, कॉम्प्युटर)

नागपुरात राहून बुद्धिबळ टाळायचं कसं? आपल्या दिव्या देशमुखने २८ जुलै २०२५ ला जॉर्जियातल्या बातुमीमध्ये कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ग्रँडमास्टरही झाली. तेव्हापासून आमच्या कॉलनीत निम्मे काका स्वतःला प्रशिक्षक समजतात. त्यात बाबाही आले.

लिचेस २०१० मध्ये एका फ्रेंच प्रोग्रामरने सुरू केलं. ते पूर्ण मोफत आहे, जाहिराती नाहीत आणि खर्च देणग्यांवर चालतो. कॉम्प्युटरविरुद्ध खेळायला आठ पातळ्या आहेत. बाबांनी थेट सहावी निवडली. वीस मिनिटांत खेळ आटोपला. मग कोणाचं लक्ष नाही असं बघून दुसरीवर आले. आता रोज सकाळी चहासोबत तिथली कोडी सोडवतात. मी कॉलेजला निघालो की विचारतात, "हे बघ रे, घोडा कुठं टाकू?" बारावीच्या निकालानंतर बाबांनी मला काही विचारलेलं हे पहिलंच.

उणी बाजू: दोघंच खेळतात, बाकीचे सल्ले देतात. आणि हरणारा अजिबात हसत नाही.
घरचा निकाल: साडेतीन. बाबांचे पाच.

ओव्हरकुक्ड २ (पीसी, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, स्विच)

२०१८ चा हा गेम म्हणजे लग्नघरातलं स्वयंपाकघर. एक ते चार जण आचारी. भाजी चिरायची, शिजवायची, ताटलीत वाढायची, घाण भांडी घासायची आणि सगळं घड्याळ संपायच्या आत. वर स्वयंपाकघर मध्येच सरकतं, गॅसवर काही विसरलं तर आग लागते आणि दुसऱ्या टोकाच्या माणसाला कोबी फेकून द्यावा लागतो.

पहिले दोन डाव नुसता आरडाओरडा. मग आईने सूत्रं हातात घेतली. "तू फक्त चिर. तू शिजव. तुम्ही भांडी." बस्स! दोन स्टार. बटणं तिला नीट येत नव्हती, पण स्वयंपाकघर कसं चालतं हे आमच्यापैकी फक्त तिलाच माहीत होतं. तिला नाही जमणार म्हणणारा मी, कांदा हातात धरून भिंतीवर आपटत होतो.

बाबांनी आमच्या आठवणीत पहिल्यांदा भांडी घासली. टीव्हीत. आई म्हणाली, "आतल्या सिंकमधली पण पडली आहेत." सगळे हसले. बाबा उठले मात्र नाहीत.

उणी बाजू: आजीला वेग झेपला नाही. ती वेळ सांगायच्या कामावर होती. नवशिक्यांनी 'ऑल यू कॅन ईट' ही एकत्रित आवृत्ती बघावी, तिच्यात दोन्ही भाग आहेत आणि खेळ सोपा करायची सोयही.
घरचा निकाल: पाचपैकी पाच. शेजाऱ्यांचे शून्य.

वेन्बा (पीसी, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, स्विच)

टोरांटोच्या एका छोट्या स्टुडिओने २०२३ मध्ये केलेला गेम. १९८० च्या दशकात कॅनडात गेलेलं तमिळ कुटुंब. वेन्बाकडे तिच्या आईची पाककृतींची वही आहे, पण पानं फाटलेली, अक्षरं पुसलेली. उरलेल्या खुणांवरून पदार्थ कसा करायचा ते आपण ओळखायचं. दीड-दोन तासांत गेम संपतो. २०२४ मध्ये त्याला पदार्पणातल्या गेमसाठीचा बाफ्टा पुरस्कार मिळाला.

खेळणारा एकच, पण आमच्याकडे माउस माझ्या हातात आणि डोकं आईचं. इडलीचं कोडं मी दोनदा चुकवलं. आई म्हणाली, "अरे, वाफेला जायला जागा ठेव ना." सुटलं.

गोष्ट पुढे सरकते तसा मुलगा मोठा होतो, घर सोडतो, आईच्या फोनला उत्तर द्यायचं विसरतो. तिथे आमची खोली शांत झाली. कूलरचा आवाज तेवढा. ताई टीव्हीकडे बघत होती आणि आई ताईकडे.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी वही घेऊन बसल्या. सांबारवडी, गोळाभात, पाटवडीचा रस्सा. ताई लिहून घेत होती. "मीठ किती?" तर आईचं उत्तर, "अंदाजानं." ताईने तसंच लिहिलं.

उणी बाजू: संवाद इंग्रजीत आहेत. घरच्यांना वाचून, समजावून सांगावे लागतात. ते काम आनंदाने करा.
घरचा निकाल: आकडा द्यायचा नाही असं ठरलं.

राजी: अॅन एन्शंट एपिक (पीसी, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, स्विच)

हा आपल्या पुण्याचा. नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणला आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळालं. राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, राक्षस पळवून नेतात आणि ती त्याला शोधायला निघते. दुर्गा आणि विष्णू वरून तिची गोष्ट सांगत असतात. मधले प्रसंग छाया-बाहुल्यांच्या खेळासारखे दिसतात.

इथे कंट्रोलर माझ्याकडे आणि गोष्ट आजीकडे. भिंतीवरचं चित्र आलं की आजी म्हणायची, "थांबव." मग त्या देवाची पूर्ण कथा. गेममध्ये दोन मिनिटांची, आजीकडे वीस. एका दुपारी आम्ही जेमतेम एक दरवाजा ओलांडला, पण महिषासुराची कथा मी शेवटपर्यंत ऐकली ती त्याच दिवशी.

उणी बाजू: मारामारी भरपूर आहे, अगदी लहान मुलांसाठी नाही. काही लढाया अवघड आहेत आणि शेवट घाईत उरकल्यासारखा वाटतो.
घरचा निकाल: साडेतीन. आजीच्या कथांसह साडेचार.

इट टेक्स टू (पीसी, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, स्विच)

स्वीडनच्या हेझलाइट स्टुडिओचा गेम, २०२१ चा 'गेम ऑफ द इयर'. एकट्याने खेळताच येत नाही. दोघं हवेतच, आणि दोघांकडे वेगवेगळी हत्यारं. एकाकडे खिळे तर दुसऱ्याकडे हातोडा. तू खिळा मारल्याशिवाय मी उडी मारू शकत नाही. मी आणि ताईने हा खेळला. लहानपणी रिमोटवरून मारामाऱ्या करणारे आम्ही, तीन-तीन तास "थांब, आधी तू जा" म्हणत होतो.

उणी बाजू: गोष्ट घटस्फोटाच्या उंबरठ्यावरच्या आई-बाबांची आहे आणि खेळण्यातल्या हत्तीचा एक प्रसंग खरंच क्रूर आहे. घरात लहान भावंडं असतील तर आधी स्वतः बघा. बारा वर्षांच्या पुढे ठीक.
घरचा निकाल: बहीण-भावाकडून पाच.

आता दोन कामाच्या गोष्टी

पहिली, पैशांची. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी घातली. तरी 'खेळा आणि जिंका' म्हणणारी लिंक फॉरवर्ड होऊन येऊ शकते. ती उघडू नका, आणि घरातल्या मोठ्यांनाही हे सांगा. मोफत गेममध्येसुद्धा आतली खरेदी असते. फोन आजी-आजोबांच्या किंवा लहान्यांच्या हातात देण्याआधी खरेदीला पासवर्ड लावून ठेवा.

दुसरी, खिशाची. कॉन्सोल नसलं तरी अडत नाही. बरेच गेम साध्या लॅपटॉपवर चालतात, फक्त घेण्याआधी तो आपल्या मशिनवर चालेल का ते स्टोअरवर तपासा. सेलची वाट बघा. आणि एकाने घेतला की पुरतं: 'इट टेक्स टू'मध्ये फ्रेंड्स पास आहे, म्हणजे एकाकडे गेम असला तर दुसरा त्याच्यासोबत मोफत खेळतो. स्टीमवर 'रिमोट प्ले टुगेदर' आहे, ज्याने एकाच खोलीत खेळायचे गेम दुसऱ्या गावातल्या माणसासोबत इंटरनेटवरून खेळता येतात.

ही दुसरी गोष्ट शोधून काढली ताईने. जायच्या आदल्या रात्री बॅग भरता भरता. 'इट टेक्स टू' अर्धाच झाला आहे. तिने बजावलंय, "माझ्याशिवाय पुढे गेलास तर बघ."

ताई गेली त्याला आता दोन रविवार झाले. रविवारी रात्री नऊला ती पुण्याहून लुडोच्या रूमचा कोड पाठवते. आईचा फोन मधे ठेवला जातो आणि आजी सगळ्यात आधी पुढे सरकून बसते. मागच्या वेळी नेट अडकलं, ताईचा फासा फिरतच राहिला. मी म्हटलं, "आजी, राहू दे आता, उद्या खेळू."

आजी फोन हातातून सोडेना. "थांब न बाप्पा. पोरीचा डाव हाय, येऊ दे तिले."