करडा पोपट : त्याचा लळा आणि त्याचा कलकलाट

आपल्याकडे पोपट म्हटला म्हणजे हिरव्या अंगाचा, लाल चोंचीचा आणि पेरूच्या बागेवर धाड घालणारा राघू डोळ्यांपुढें उभा राहतो. "विठू विठू" म्हणावें, डाळ-मिरची खावी, यापलीकडे त्याची विद्या जात नाहीं अशी आपली समजूत. आणि अर्थ न कळतां धडा घोकणाऱ्या मुलास गुरुजी "ही पोपटपंची पुरे" म्हणतात, तें याच समजुतीच्या आधारावर. परंतु या राघूचा एक दूरचा भाऊबंद आफ्रिका खंडांत राहतो. त्याची हकीकत ऐकिली म्हणजे हा शब्द उच्चारण्यापूर्वीं आपणांस थोडें थांबावेंसें वाटेल. हा पक्षी म्हणजे आफ्रिकेचा करडा पोपट होय. तो माणसाळतो, माणसासारखें बोलतो आणि माणसावर जीव जडवितो, म्हणून जगभर त्यास पाळण्याची हौस मोठी. मात्र त्याच्या ओरडण्यास कंटाळून त्यास दुसऱ्याच्या गळ्यांत बांधणारे लोकही थोडे नाहींत. त्याचा लळा आणि त्याचा कलकलाट हीं एकाच मुळांतून फुटलेलीं दोन पालवें आहेत, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

करड्या पोपटास सिटॅकस एरिथॅकस हें शास्त्रीय नांव १७५८ सालीं लिनियस या स्वीडनच्या निसर्गशास्त्रज्ञानें दिलें. हा पक्षी अंगानें आपल्या पारव्यासारखा. लांबी सुमारें ३३ सेंटिमीटर आणि वजन बहुधा ४०० ते ५०० ग्रॅम. सर्वांग राखेच्या रंगाचें, चोंच काळी आणि शेपूट मात्र लालभडक. पिलाचे डोळे काळसर असतात. तें वयांत आलें म्हणजे ते फिकट पिवळे होतात. नर व मादी दिसण्यांत जवळजवळ सारखींच. घाना, नायजेरिया, कॅमेरून, गॅबन आणि कांगो येथील दमट अरण्यें हें याचें माहेर; पूर्वेस युगांडा व केनियाच्या पश्चिम भागापर्यंत तो आढळतो.

त्याचा स्वभाव समजावा म्हणून प्रथम त्याचें रानांतील जीवन पाहिलें पाहिजे. करडा पोपट एकटा राहणारा जीव नव्हे. रात्रीं उंच झाडांवर शेंकडों, कांहीं ठिकाणीं हजारों पोपट एकत्र वस्तीस येतात. पहाट होतांच ते लहान लहान टोळ्या करून फळांच्या, विशेषतः तेल्या माडाच्या फळांच्या, शोधार्थ निघतात आणि दिवस मावळतांना परततात. दोन्ही वेळां सारें रान त्यांच्या शिट्यांनीं व किंकाळ्यांनीं भरून जातें. नर-मादीची जोडी एकदां जमली म्हणजे ती बहुधा कायमची. झाडाच्या ढोलींत मादी तीन ते पांच अंडीं घालते, महिनाभर उबविते, आणि पिलें सुमारें बारा आठवडे ढोलींतच वाढतात. एवढा काळ नर मादीस चारा आणून भरवितो.

अशा गर्द रानांत हातभर अंतरावरचा सोबतीही पानांआड दिसेनासा होतो. तेथें डोळ्यांचें काम कानांस करावें लागतें. एकानें हांक मारावी, दुसऱ्यानें ओ द्यावी, आणि दोघांनींही समजावें कीं आपण एकटे नाहीं. आकाशांत शिकारी पक्षी दिसला तर एकाच्या किंकाळीनें सर्व थवा सावध होतो. तात्पर्य, आवाज हा या पक्ष्यांना एकत्र बांधणारा धागा आहे. नक्कल करण्याची खोडही त्यास मनुष्यानें लाविली असें नव्हे. त्या वेळीं झाईर म्हणविणाऱ्या कांगो देशांत ध्वनिमुद्रित केलेल्या रानटी करड्या पोपटांच्या आवाजांचा अभ्यास १९९३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत इतर पक्ष्यांची, इतकेंच नव्हे तर एका वटवाघळाचीही नक्कल आढळून आली.

हे आवाज तो काढतो कसे? आपला कंठ श्वासनलिकेच्या वरच्या टोंकास असतो. पक्ष्यांचें ध्वनियंत्र तिच्या तळाशीं, ती दोन फुप्फुसांकडे फांकते त्या ठिकाणीं असतें. पोपटास ओठ नाहींत. परंतु त्याची मांसल जीभ आवाजास वळण देण्यास उपयोगी पडते. शिवाय ऐकलेला आवाज शिकून तो स्वतः काढण्याची शक्ति पक्ष्यांमध्यें मुख्यतः तीनच वर्गांत दिसते : गाणारे पक्षी, हमिंगबर्ड आणि पोपट.

परंतु शिकण्याची शक्ति असणें निराळें आणि शिकण्याची इच्छा होणें निराळें. ही इच्छा सहवासांतून उत्पन्न होते, हें ॲलेक्स नांवाच्या करड्या पोपटानें सिद्ध केलें. आयरीन पेपरबर्ग या अमेरिकन विदुषीनें १९७७ सालीं शिकागो येथील एका दुकानांतून हा पक्षी विकत घेतला. तेव्हां तो सुमारें एक वर्षाचा होता. त्याची शिकवणी मोठी गमतीची असे. त्याच्यासमोर दोन माणसें बसत. एकानें वस्तु दाखवून "हें काय?" असें विचारावें, दुसऱ्यानें बरोबर उत्तर द्यावें आणि ती वस्तु बक्षीस म्हणून घ्यावी. हा संवाद ऐकतां ऐकतां ॲलेक्स त्यांत तोंड घालूं लागे. या रीतीनें तो सुमारें पन्नास वस्तूंचीं नांवें, सात रंग आणि पांच आकृति शिकला, आणि सहापर्यंत संख्या ओळखूं लागला. दोन वस्तु पुढें ठेवून "यांत फरक कशाचा?" असें विचारलें तर तो रंग, आकार किंवा घडणीचा पदार्थ यांपैकीं योग्य तो शब्द सांगे, आणि कांहींच फरक नसेल तर "कांहीं नाहीं" या अर्थाचा शब्द उच्चारी. पुढें इतर करड्या पोपटांवर प्रयोग करून पाहिला. नुसत्या ध्वनिफितीपुढें अगर चित्रफितीपुढें बसविलेले पोपट शब्दांचा असा अर्थपूर्ण उपयोग शिकले नाहींत. समोर बोलणारें जिवंत माणूस असलें तरच ते शिकले. ६ सप्टेंबर २००७ रोजीं ॲलेक्स एकतीस वर्षांचा होऊन मरण पावला. अर्थ जाणून बोलणाऱ्या या पक्ष्याच्या बोलण्यास पोपटपंची कोण म्हणेल?

सोबत्याविषयीं त्याच्या मनांत किती आस्था असते, याचाही पुरावा मिळाला आहे. जानेवारी २०२० मध्यें डेझिरे ब्रुक्स व ऑगस्टे फॉन बायर्न या दोन संशोधक स्त्रियांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. धातूची चकती माणसास दिली म्हणजे खाऊ मिळतो, हें पोपटांस प्रथम शिकविलें. मग दोन पोपट शेजारच्या दोन खणांत ठेविले. एकापाशीं चकत्या होत्या, पण त्याची खिडकी बंद; दुसऱ्याची खिडकी उघडी, पण त्याच्यापाशीं चकती नाहीं. मधल्या भोंकांतून करड्या पोपटानें आपल्या चकत्या शेजाऱ्यास दिल्या! त्या क्षणीं स्वतःस कांहीं मिळणार नव्हतें. तरीही तो देत राहिला, आणि शेजारी जिवलग मित्र नसला तरीही त्यानें मदत केली. याच परीक्षेंत निळ्या डोक्याचे मकाव पोपट उतरले नाहींत.

असा हा मायाळू पक्षी घरांत आला म्हणजे काय होतें? त्यास थवा मिळत नाहीं. म्हणून घरांतील माणसें हाच त्याचा थवा होतो. पुष्कळदां तो त्यांतून एकच माणूस निवडतो. त्याच्यापुढें मान वांकवून पिसें खाजविण्यास सांगतो, त्याच्या खांद्यावर बसून डुलक्या घेतो, प्रसंगीं पोटांतील चारा वर आणून त्यास भरवूं पाहतो. परका मनुष्य जवळ आला तर गुरगुरतो किंवा चावा घेतो. या निष्ठेचें एक जुनें स्मारक लंडन येथील वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें आहे. रिचमंड व लेनॉक्सची डचेस फ्रान्सिस स्ट्यूअर्ट ही १७०२ सालीं मरण पावली. तिच्यापाशीं चाळीस वर्षें राहिलेला करडा पोपट तिच्यामागें थोड्याच दिवसांत मेला असें सांगतात. पेंढा भरलेला तो पक्षी तेथील संग्रहांत जपून ठेविला आहे.

आतां कलकलाटाकडे वळूं. खरें पाहतां काकाकुवा किंवा मोठा मकाव यांच्या मानानें करडा पोपट शांतच म्हणावा लागेल. त्याचा उपद्रव आवाजाच्या मोठेपणापेक्षां त्याच्या नेमकेपणांत आहे. टेलिफोनची घंटी, दाराची करकर, आजोबांचा खोकला, गृहिणीची हांक, यांची तो हुबेहूब नक्कल करतो आणि घरचीं माणसें उगीच धांवतात. तथापि त्याच्या आवाजांचे प्रकार ओळखतां आले पाहिजेत. सकाळ-संध्याकाळचा गलबला ही त्याची रानांतील रीत आहे. ती मोडतां येत नाहीं. भीतीची किंकाळी ही संकटाची सूचना होय. चोंचीचा मंद करकर आवाज समाधानाचा. आणि आपण खोलीबाहेर गेलों कीं जी शीळ किंवा आरोळी ऐकूं येते, ती केवळ "कोठें आहांत?" अशी विचारणा असते.

घोटाळा होतो तो येथेंच. पोपटानें हळू शीळ घातली तेव्हां कोणी लक्ष देत नाहीं; म्हणून तो जोरानें ओरडतो. मग घरचें माणूस धांवत येऊन रागें भरतें. आपणांस ती शिक्षा वाटते. पोपटास मात्र एवढेंच कळतें कीं ओरडलें म्हणजे सोबती येतो. पिंजऱ्यावर कापड टाकलें तर एकटेपणा अधिकच वाढतो. लक्ष मिळालें म्हणजे पक्षी काय शिकत नाहीं! २०२० सालीं इंग्लंडांतील लिंकनशायर वाइल्डलाइफ पार्कमध्यें आलेले पांच करडे पोपट कांहीं दिवस एकत्र ठेविले होते. ते शिव्या देत, आणि ऐकणारे हंसत. हंसण्याचें बक्षीस मिळाल्यानें शिव्या वाढूं लागल्या, आणि अखेर त्या पांचांस निरनिराळें करावें लागलें.

यावर उपाय सोपा आहे, पण तो नित्य पाळावा लागतो. पोपटाची पहिली हळू हांक आली कीं दुसऱ्या खोलींतून त्यास शिटीनें ओ द्यावी. बहुधा तो निवांत होतो. ओरडत असतां जवळ जाऊं नये. क्षणभर थांबला कीं लगेच जावें. घरांतील सर्वांनीं आळीपाळीनें त्यास खाऊ द्यावा, म्हणजे तो एकाच माणसाचा बंदा होत नाहीं. कुरतडण्यास लांकूड व शोधून काढण्यास दडविलेला खाऊ असावा, आणि रात्रीं दहा-बारा तास शांत झोंप मिळावी. शेजाऱ्यांचाही विचार हवाच. २०२२ सालीं पुणें येथें शेजारच्या पोपटाच्या सततच्या ओरडण्याबद्दल एका गृहस्थानें पोलिसांत तक्रार नोंदविली होती.

पण हांकेस ओ देणारें कोणीच नसेल तर? तर तो पक्षी अनेकदां आपलीं पिसें आपणच उपटूं लागतो. एवढ्यावरच भागत नाहीं. प्रत्येक पेशींतील गुणसूत्रांच्या टोंकांस टेलोमिअर नांवाचीं टोपणें असतात. वयाबरोबर तीं आखूड होत जातात. ऑस्ट्रियांतील संशोधकांनीं २०१४ सालीं असें दाखविलें कीं, एकटे ठेवलेल्या करड्या पोपटांचीं टेलोमिअर त्याच वयाच्या जोडीनें राहणाऱ्या पोपटांपेक्षां आखूड असतात.

आमच्या विद्यार्थिमित्रांपैकीं कोणी असा पोपट आणण्याचा हट्ट धरील, म्हणून पालकांसाठीं दोन शब्द. हा पक्षी पाळीव स्थितींत चाळीस-साठ वर्षें जगूं शकतो. दहा वर्षांच्या मुलानें मागितलेला पोपट त्याच्या वार्धक्यापर्यंत त्यास हांक मारीत राहील. शिवाय या हौसेची किंमत रानांनीं मोजिली आहे. जंगलतोड आणि पिंजऱ्यांसाठीं पकड यांमुळें घाना देशांत १९९२ पासून या पोपटांची संख्या शेंकडा नव्वदांहून अधिक घटल्याचें २०१६ सालीं प्रसिद्ध झालें. त्याच वर्षीं जोहान्सबर्ग येथील आंतरराष्ट्रीय परिषदेंत रानांतून पकडलेल्या करड्या पोपटांचा जागतिक व्यापार बंद करण्याचें ठरलें. भारतांत असा पक्षी घरीं असेल तर २०२४ च्या नियमांप्रमाणें त्याची सरकारदरबारीं नोंद करावी लागते. आणि आपला देशी राघू तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें संरक्षित असल्यानें त्यास पिंजऱ्यांत ठेवणें हाच गुन्हा आहे.

ज्यांच्या घरीं करडा पोपट आधींच आहे, त्यांनीं त्याच्या ओरडण्यास खोड न समजतां प्रश्न समजावें आणि त्याचें उत्तर द्यावें. ज्यांच्या घरीं नाहीं, त्यांनीं आपल्या मनास एवढेंच विचारावें कीं, पुढील पन्नास वर्षें रोज सकाळ-संध्याकाळ या हांकेस ओ देण्याची आपली तयारी आहे काय? नसेल तर पिंपळावरच्या राघूंचा थवा संध्याकाळीं अंगणांतून पाहावा. त्यांचा कलकलाट फुकट ऐकावयास मिळतो, आणि त्यांतील प्रत्येकाच्या हांकेस ओ देणारा त्याचा सोबती शेजारच्याच फांदीवर बसलेला असतो.