कागदाएवढ्या पत्र्याचे मोल

नागपूरहून हैदराबादेस जाणारा महामार्ग, जो पूर्वी ७ क्रमांकाचा होता व आज ४४ क्रमांकाचा म्हणून ओळखला जातो, पैनगंगा ओलांडून आदिलाबाद जिल्ह्यात शिरतो आणि पुढे निर्मलच्या वाटेवर महबूब घाटाची वळणे घेतो. या हमरस्त्यापासून आत, उटनूर व इंद्रवेल्लीच्या बाजूस, डोंगराच्या कुशीत वसलेल्या कित्येक गावांना बाजार, दवाखाना व शाळा गाठण्यासाठी वर्षानुवर्षे जुन्या जीपगाडीचाच आधार वाटत आला आहे. अशी गाडी विकत घेताना कुटुंबाची दहा-दहा वर्षांची पुंजी खर्ची पडते. म्हणून तिच्या ज्या एका अवयवाच्या दुरुस्तीत सर्वांत अधिक फसगत होते, त्याविषयी आज वाचकांशी दोन शब्द बोलावे, असे आम्हांस वाटले.

तो अवयव म्हणजे मागच्या आसाच्या मध्यावरील गोलाकार पेटी, अर्थात डिफरन्शियल. गाडी वळण घेते तेव्हा बाहेरच्या चाकास आतील चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन्ही चाके एकाच दांड्यास जखडलेली असती, तर वळणावर एक तरी चाक फरफटत गेले असते. ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीने १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी यावर दातेरी चाकांचा तोडगा काढला. आजच्या मोटारीत तेच तत्त्व चालते. इंजिनाकडून आलेला दांडा पिनियन नावाचे लहान दातेरी चाक फिरवतो, पिनियन क्राउन नावाचे मोठे चाक फिरवते, आणि तेथून शक्ती दोन्ही बाजूंस वाटली जाते. विलीज बनावटीच्या अनेक जुन्या जीपांत पिनियनला ८ दात व क्राउनला ४३ दात असत. म्हणजे क्राउनचे ८ फेरे होईपर्यंत पिनियन ४३ वेळा फिरते.

हे दोन जोडीदार एकमेकांत किती खोल बसावेत, यावर सारे अवलंबून असते, आणि हे अंतर ठरते शिमांनी. शिम म्हणजे पोलादाची पातळ चकती. सुताराचे सूत इंचाचा आठवा भाग असते, परंतु येथे हिशेब इंचाच्या हजाराव्या भागाचा, म्हणजे कारागिरांच्या बोलीत थाऊचा. एका सुतात असे १२५ थाऊ मावतात.

आमच्या परिचयातील एका कुटुंबाची हकिगत या संदर्भात बोलकी आहे. त्यांच्या जीपचे क्राउन-पिनियन झिजले, म्हणून कर्ज काढून नवी जोडी आणली व एका गॅरेजात बसवून घेतली. महिन्याभरातच गाडी चढावर ओरडू लागली. दुसऱ्या एका वयस्क कारागिराने पेटी उघडली, पिनियनच्या तोंडावर कोरलेला आकडा पुसून वाचला आणि दोष क्षणात सांगितला. जुन्या पिनियनवर उणे २ होते, नव्यावर अधिक ३. अधिक आकड्याचे पिनियन क्राउनच्या मध्यापासून तितकेच दूर हवे असते. तेव्हा शिम ५ थाऊंनी पातळ करावयास हवी होती. पहिल्या गॅरेजाने मात्र जुनीच शिम पुन्हा घातली होती. ५ थाऊ म्हणजे सुमारे ०.१३ मिलिमीटर, वहीच्या कागदाहून किंचित जाड. एवढ्याशा फरकाने पिनियन क्राउनच्या दातांच्या मुळाशी घासू लागले आणि नवी जोडी निकामी झाली. त्या कुटुंबाचे दुसऱ्यांदा कर्ज झाले, आणि गाडी बंद राहिली तितके दिवस मिळकतही बुडाली.

दुसरी गोष्ट बेअरिंगांच्या प्रीलोडची. पिनियनचा दांडा दोन निमुळत्या रोलरच्या बेअरिंगांवर फिरतो. अशा बेअरिंगाचे पेटंट घोडागाड्या बनविणारे हेन्री टिमकेन यांना १८९८ साली अमेरिकेत मिळाले. ही बेअरिंगे नुसती डुगडुगणार नाहीत इतपत बसवून भागत नाही. भार येण्यापूर्वीच त्यांना थोड्या दाबात ठेवावे लागते. असे का? चढावर इंजिनाचा जोर आला की पिनियन क्राउनपासून दूर सरकू पाहते. दाब नसेल तर ते सरकते, दातांची गाठ चुकते व आवाज सुरू होतो. उलट दाब फाजील झाला, तर बेअरिंग तापते, तेल जळते आणि रोलर खरवडून निघतात.

हा दाब मोजता येतो. डाना बनावटीच्या आसात नव्या बेअरिंगांसाठी, तेलाचे सील न बसवता, पिनियन फिरते ठेवण्यास साधारण २० ते ४० इंच-पौंड इतका पीळ लागावा असे मान आहे. आपल्या मापात सुमारे २३ ते ४६ किलो-सेंटिमीटर. खास पाना नसेल, तरी पिनियनच्या फ्लँजवर दोरी गुंडाळून ती स्प्रिंगच्या काट्याने ओढावी. दोरीची त्रिज्या ५ सेंटिमीटर असेल, तर पिनियन संथ फिरत असताना काट्यावर सुमारे साडेचार ते नऊ किलो दिसावेत. सुरुवातीच्या झटक्याचा आकडा धरू नये. पीळ कमी असेल तर प्रीलोडची शिम काढावी, जास्त असेल तर घालावी. मात्र खोलीची शिम आधी ठरवावी. कारण या आसात तिच्यात जेवढी भर पडेल, तेवढीच भर प्रीलोडच्या शिमांतही घालावी लागते. काही मोटारींत शिमांच्या जागी चेपली जाणारी नळी असते. ती एकदा प्रमाणाबाहेर चेपली, तर नट सैल करून भागत नाही. नवीच नळी घालावी लागते.

यानंतर क्राउनच्या दोन बाजूंची बेअरिंगे येतात. त्यांच्या शिमा एका बाजूच्या काढून दुसरीकडे घातल्या की एकूण दाब तोच राहतो, परंतु क्राउन पिनियनच्या जवळ किंवा दूर सरकते. दोहोंच्या दातांत राहणारी मोकळीक बहुधा ५ ते ९ थाऊ असावी, आणि ती डायलच्या मापाने क्राउनवर तीन-चार ठिकाणी तपासावी.

अखेरची साक्ष दातच देतात. जुने कारागीर शेंदूर तेलात कालवून दातांस लावीत व चाक फिरवून ठसा पाहत. शेंदूर शिशाचा, म्हणून विषारी. हल्ली त्याऐवजी पिवळे मिश्रण मिळते, तेच वापरावे. ठसा दाताच्या मध्यभागी उमटला तर जुळणी उत्तम. मुळाशी उमटला तर पिनियन फार आत आहे, टोकाशी उमटला तर फार बाहेर.

गाडीधारक कुटुंबांस आमचे सांगणे एवढेच की, काम देताना चार प्रश्न अवश्य विचारावेत. क्राउन व पिनियन एकाच जोड क्रमांकाचे आहेत काय? पिनियनवरील आकडा वाचला काय? पीळ किती भरला? ठसा दाखवाल काय? प्रामाणिक कारागिरास या प्रश्नांचा राग येत नाही, उलट आनंद होतो. कारण पेटी बंद झाल्यावर त्याचे सारे कौशल्य तेलात बुडून जाते आणि कोणासही दिसत नाही. ज्या मुलांस हा व्यवसाय शिकावयाचा आहे, त्यांनी हातोडीपूर्वी मायक्रोमीटर हाती धरावा आणि काढलेली प्रत्येक शिम मोजून, तिची जाडी व जागा वहीत टिपून ठेवावी. तेवढ्या दक्षतेने एखाद्या घराची पुंजी वाचते, आणि रात्रीच्या वेळी दवाखान्याकडे निघालेली गाडी वाटेत थांबत नाही.