लाल स्विचची तिसरी पिन

एक्स्टेन्शन बोर्डावरचा लाल, पेटणारा स्विच बदलताना नव्या स्विचमागे तीन पिना दिसल्या. मल्टिमीटर एका पिनेवर काहीच दाखवत नाही, मग स्विच खराब आहे का? डोंबिवलीच्या एका वाचकाचा हा प्रश्न. भारनियमनाच्या काळात लाइट आली का हे कल्याण-डोंबिवलीत घरोघरी बोर्डावरच्या ज्या इवल्या दिव्यावरून कळे, तसलाच दिवा या स्विचच्या पोटात असतो.

त्यात तार नसते, निऑन वायू असतो. तो पेटायला साधारण ६० ते ९० व्होल्ट लागतात आणि मल्टिमीटर देतो जेमतेम काही व्होल्ट. म्हणून मीटरला तिथे तार तुटल्यासारखीच वाटते. स्विच चालू असो वा बंद, जी पिन कुणाशीच बीप देत नाही, ती न्यूट्रलची. चालू केल्यावर ज्या दोन पिना आपसांत बीप देतात, त्यांतली एक फेजची, दुसरी लोडची. या दोघींतला फरक मीटर सांगत नाही; स्विचवरची खूण पाहावी. त्या उलट जोडल्या गेल्या, तर उपकरण नीट चालू-बंद होते, पण दिवा बंद होतच नाही. फेज आणि न्यूट्रल मात्र याच दोन पिनांवर आले, तर बटण दाबताच शॉर्ट!

हा निऑन १८९८ मध्ये लंडनला सापडला. हवेतून मिळवलेला आरगॉन द्रवरूप करून, तो उकळताना आधी निघणारा वायू विल्यम रॅम्से आणि २६ वर्षांच्या मॉरिस ट्रॅव्हर्सने काचेच्या नळीत भरला. वीज सोडताच नळी लालभडक उजळली. काय क्षण असेल तो! १९०४ चे रसायनशास्त्राचे नोबेल एकट्या रॅम्सेंना मिळाले. ट्रॅव्हर्स १९०६ मध्ये भारतात आला. जमशेटजी टाटांच्या स्वप्नातली बंगळूरची विज्ञान संस्था पहिला संचालक म्हणून त्याने उभी केली. १९११ मध्ये तिथे पहिले विद्यार्थी आले. आपल्या वायरमनच्या खिशातल्या टेस्टरमध्येही निऑनच पेटतो, तरी त्याच्या या शोधकाचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत असायला हवे तितके ठळक नाही, हे मला खटकते.

स्विच जोडताना दोन गोष्टी पाळाच. बोर्डाचा प्लग सॉकेटमधून काढल्याशिवाय स्क्रूला हात लावू नका. आणि स्विचमधून तोडायची ती फेजच. न्यूट्रल तोडला, तर बंद दिसणाऱ्या उपकरणातही २३० व्होल्ट पोचलेले असतात.