वेल्डरच्या हातमोज्याची शिवणच आधी का जाते?

मनसरच्या चौकात महामार्गालगत वेल्डिंगची कामं चालतात, तिथला एखादा जुना हातमोजा हातात घेऊन पाहा. चामडं अजून धड असतं, पण अंगठ्याच्या बुडाशी शिवण उसवलेली असते. चामड्यावर पडलेली ठिणगी घरंगळून जाते. दोऱ्यात अडकली की टाका गेलाच. दोष बहुतेक वेळा चुकीच्या दोऱ्याचा.

गैरसमज : नायलॉन तुटत नाही, म्हणजे तापल्यावरही टिकेल.
नायलॉन-६ साधारण २२० अंश सेल्सिअसला वितळतं, पॉलिस्टर २५५-२६० ला. जोर तर त्याआधीच ओसरतो. लायटर धरून पाहा : हे दोन्ही दोरे आक्रसून गोळी होतात, सुती दोरा जळून राख होतो. अ‍ॅरामिडचा दोरा वितळत नाही. काळा पडतो आणि ज्योत हटवली की विझतो. अग्निशमन जवानांचे कोट म्हणूनच अशा दोऱ्याने शिवतात.

गैरसमज : दोऱ्याला उष्णतारोधक बनवतो तो लेप.
इथे भलेभले फसतात. काचतंतूच्या दोऱ्यावर टेफ्लॉनचा लेप असतो. हा लेप २६० अंशांपर्यंत ठीक राहतो आणि ३२७ ला वितळतो. आतली काच मात्र ५०० अंशांच्या आसपासही तग धरते. मग लेप हवाच कशाला? काचतंतू ताण सोसतो, पण आपसात घासला की झिजतो आणि गाठीत मोडतो. टाका बसेपर्यंत दोऱ्याचा तोच तुकडा सुईच्या नेढ्यातून कित्येकदा मागेपुढे होतो. ही घासाघीस लेप सोसतो. पुढे वाफेच्या व्हॉल्व्हवरच्या उष्णतारोधक जॅकेटात तो जळून गेला, तरी त्याचं शिवतानाचं काम झालेलं असतं. एक मात्र सांभाळा : जळत्या टेफ्लॉनचा धूर बाधतो. असं जॅकेट पहिल्यांदा तापताना तिथे हवा खेळती हवी.

गैरसमज : भट्टी नसेल तर उष्णतेचा प्रश्नच नाही.
मिनिटाला चार-पाच हजार टाके घालणाऱ्या मशीनची सुई जाड कापडात घर्षणानेच २०० अंशांपुढे तापू शकते. त्यासाठी साध्या पॉलिस्टर दोऱ्यालाही सिलिकॉनचं वंगण दिलेलं असतं.

गैरसमज : रामटेकच्या उन्हात ताडपत्रीला उष्णता सोसणारा महागडा दोरा घालावा.
अजिबात नको! नागपूरचा पारा २३ मे २०१३ ला ४७.९ अंशांवर गेला होता; एवढ्याने कुठलाच दोरा वितळत नाही. उन्हात दोरा खराब होतो तो अतिनील किरणांनी, आणि पिवळा पॅरा-अ‍ॅरामिड तर त्यांच्यापुढे फारच हळवा. धानाच्या गंजीवरच्या ताडपत्रीला उन्हासाठी बनवलेला बॉण्डेड पॉलिस्टर दोरा स्वस्तही पडतो आणि टिकतोही जास्त.

दुकानदार नुसतं ‘हीटप्रूफ’ म्हणाला तर रीळ घेऊ नका. आतला तंतू कोणता आणि तो सतत किती अंश सोसतो, हे आधी विचारा. काम उघड्यावरचं असेल तर उन्हाचंही विचारा.