विद्यार्थी नेमका कुठे अडला?

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला संकलनाचं गणित चुकतं, तेव्हा दोष संकलनातच असतो असं नाही. कुणाचं विकलन कच्चं असतं, कुणाला लॉगॅरिदम उमगलेलं नसतं, तर कुणी शाळेपासून ऋण चिन्हात घोटाळतो. फळ्यावर तेच गणित पुन्हा सोडवून या तिघांचीही अडचण सुटत नाही.

'अॅडॅप्टिव्ह लर्निंग' ही संगणकावर चालणारी पद्धत आधी अडचणीची जागा शोधते. तिचा एक गणिती पाया १९८५ मध्ये द्वान्यों आणि फाल्मान या संशोधकांनी घातला. समजा, अभ्यासात दहा घटक आहेत. प्रत्येक घटक येतो किंवा येत नाही, म्हणून एकूण शक्यता १,०२४. पण आधीचा घटक आल्याशिवाय पुढचा येतच नसेल, तर शक्यता उरतात फक्त ११. मधल्या घटकावर प्रश्न विचारायचा. जमला तर पुढच्या भागातला मधला, नाही तर मागच्या भागातला मधला. चार प्रश्नांत विद्यार्थ्याची जागा कळते. प्रत्यक्षात घटकांना फाटे फुटतात, कुणी अंदाजाने बरोबर उत्तर देतो, तर कुणी येत असूनही चुकतो. म्हणून संगणक ठाम निकाल न देता संभाव्यता मांडतो आणि प्रत्येक उत्तरानंतर ती सुधारतो.

त्यासाठी आधी संगणकाला उत्तर तपासता यायला हवं. 'स्टॅक' ही मुक्त संगणक प्रणाली विद्यार्थ्याने लिहिलेलं बीजगणिती उत्तर तपासते. उत्तर वेगळ्या रूपात असलं तरी ओळखते आणि शिक्षकाने आधी नोंदवून ठेवलेल्या चुकांनुसार सूचना देते.

चूक तिथल्या तिथे दाखवण्याचा हा विचार वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला परका नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी 'नई तालीम' ही शिक्षणपद्धती मांडली आणि पुढे झाकीर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम आखला. त्यात गणित हस्तोद्योगाशी जोडलेलं होतं. टकळीवर सूत तुटलं की चूक मुलाला तिथल्या तिथे कळते, परीक्षेच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. मात्र सूत का तुटलं, हे दाखवायला शेजारी शिक्षक हवाच.

संगणकाचंही तसंच आहे. तो अडचणीची जागा दाखवेल. मुलाची भीती घालवणं आणि संकल्पना उलगडणं शिक्षकाच्याच हाती आहे. म्हणून सेवाग्रामच्या बापूराव देशमुख अभियांत्रिकी महाविद्यालयासह विदर्भातल्या गणित विभागांना आग्रहाची विनंती: पहिल्या सत्राच्या सुरुवातीलाच बिनगुणांची निदान चाचणी घ्या, तिचे प्रश्न मराठीतही द्या आणि मागे राहिलेल्या घटकांसाठी वेळापत्रकात तास राखून ठेवा.